खिशांतील घडीचा चाकू : कोणता घ्यावा व कां

नांगर, वखर, तिफण, डवरा यांविषयीं शेतकीच्या मासिकांतून आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. फवारणीचे पंप, ठिबकचे संच, मळणीयंत्रें यांचीही चर्चा होत असते. परंतु जें हत्यार शेतकऱ्याच्या अंगावर सकाळपासून रात्रीपर्यंत असतें, ज्याकडे दिवसांतून वीस वेळां हात जातो, त्या घडीच्या चाकूविषयीं कोणी दोन ओळी लिहिल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. वस्तु लहान व किंमत थोडी, म्हणून ती विचार न करितां घेतली जाते. बाजारांत जो चकचकीत दिसला तो उचलला. पंधरा दिवसांनीं त्याची धार गेली, दोन महिन्यांत खीळ ढिली झाली, आणि पावसाळ्यांत तो कोठें तरी बांधावर पडून राहिला, असा बहुतेकांचा क्रम असतो.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पीक कापणी प्रयोग, नुकसानीचे पंचनामे, मोजणी अशा निमित्तांनीं मला उमरखेड तालुक्यांतील पुष्कळ गांवीं जावें लागे. तेथें दोरी तोडावयाची किंवा पोतें उसवावयाचें म्हटलें कीं चार-पांच खिशांतून चार-पांच तऱ्हेचे चाकू बाहेर येत. ते हातीं घेऊन पाहण्याची मला संवय लागली, आणि सेवानिवृत्तीनंतर ती वाढली आहे. त्या पाहण्यावरून व या विषयाच्या वाचनावरून जें निश्चित वाटलें तेवढेंच येथें लिहितों.

घडीचा चाकू हा विळ्याचा किंवा कोयत्याचा पर्याय नव्हे. उसाची तोडणी, केळीचा घड उतरविणें, बाभळीची फांदी छाटणें हीं कामें त्याचीं नव्हत. खताच्या पोत्याची शिवण उसविणें. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी सरळ कापून जोड बसविणें. पऱ्हाटीचें हिरवें बोंड चिरून आंत गुलाबी अळी आहे कीं काय तें पाहणें. हळदीचा गड्डा कापून कूज कोठवर गेली तें तपासणें. आणि दुपारीं भाकरीबरोबर कांदा चिरणें, हीं त्याचीं नित्याचीं कामें. क्वचित् येणारें पण सर्वांहून महत्त्वाचें असें एक काम आणखी आहे. दाव्यांत गुरफटून ज्याच्या गळ्याला फास बसला आहे असें जनावर सोडविण्यास गांठ सोडीत बसतां येत नाहीं; दोर कापावाच लागतो, आणि तोही तत्काळ. त्या वेळीं आपला एक हात जनावराच्या शिंगावर असतो. दुसऱ्या हातांतील चाकू दांतांनीं उघडावा लागत असेल, किंवा ताणलेल्या नायलॉनच्या दोरावरून त्याचें पातें घसरत असेल, तर तो असून नसल्यासारखा होय. गोठ्याच्या दारीं एक धारदार विळा कायम टांगून ठेवणें हा याला उत्तम उपाय आहे. तथापि बैल शेतांत असतात, विळा घरीं असतो, आणि जवळ असतो तो खिशांतलाच चाकू.

चाकूचा जीव त्याच्या सांध्यांत असतो. पातें कितीही चांगलें असलें आणि सांधा कच्चा असला, तर तो चाकू शत्रु समजावा. सांध्याचे प्रकार मुख्यत्वेंकरून चार आहेत. पहिला प्रकार नुसत्या खिळीचा. मुठीच्या दोन फाकांमध्यें पातें घट्ट बसविलेलें असतें आणि केवळ घर्षणानें तें उघडें राहतें. आपल्याकडील लोहारी चाकू बहुधा असेच असतात. दुसरा प्रकार कमानीचा. मुठीच्या पाठीशीं पोलादी पट्टी असते व तिच्या दाबानें पातें उघडें किंवा मिटलेलें राहतें. शेफील्डचे जुने चाकू व स्विस चाकूंतील बहुतेक नमुने या वर्गांतले. तिसरा कड्याचा, पातें उघडल्यावर मुठीच्या गळ्यावरील कडें फिरविलें कीं पात्याची वाट बंद होते. चौथा अडसराचा, यांत मुठीच्या पाठीवर दांड किंवा बगलेस पातळ पट्टी असते, ती पात्याच्या बुडाशीं जाऊन अडते, व हातानें बाजूस सारल्याशिवाय पातें मिटत नाहीं.

पहिल्या दोन प्रकारांत पातें अडविलेलें नसतें, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. खेंचून कापण्याच्या कामांत त्यांचा धोका नाहीं, कारण हाताचा दाब पात्याला उघडेंच ठेवतो. परंतु टोंचणें, भोंक पाडणें किंवा अडकलेलें पातें हिसडून काढणें अशा वेळीं तें उलटें वळून बोटांवर मिटतें. बोटाच्या आंतल्या अंगाची अशी जखम बाहेरून लहान दिसते. परंतु बोट वांकविणारी दोरीसारखी शीर तींत तुटली असेल, तर बोट वांकत नाहीं, आणि ती शस्त्रक्रियेनें जोडून घ्यावी लागते. हळद लावून फडकें बांधल्यानें ती जुळत नाहीं. जखमेनंतर बोटाचें पेर आपोआप वांकेनासें झालें, तर त्याच दिवशीं मोठ्या दवाखान्यांत जावें.

अडसराचा किंवा कड्याचा चाकू विकत घेतांना दुकानांतच एक परीक्षा करावी. पातें पूर्ण उघडून, बोटें त्याच्या मिटण्याच्या वाटेंतून दूर राहतील अशी मूठ धरून, पात्याची पाठ लांकडी फळीवर हलकेंच दोन-तीन वेळां ठोकावी. अडसर सुटला तर तो चाकू फुकट मिळाला तरी घेऊं नये. नंतर पात्याचें टोंक धरून तें आडवें हलवून पाहावें. नव्या चाकूचें पातें हललें, तर वर्षाअखेरीस तें डुलूं लागेल. मिटलेला चाकू उजेडासमोर धरून पातें मुठीच्या मध्यभागीं येतें किंवा एका फाकेला घांसतें तेंही पाहावें. दुकानदार या परीक्षेला हरकत घेईल, तर दुसरें दुकान पाहावें.

आतां छापांकडे वळूं. कारण गिऱ्हाईक विचारतें तें सांध्याविषयीं नव्हे, तर कंपनी कोणती याविषयीं. चाकूवरील छाप हा एके काळीं खरोखरच मोठा भरंवसा होता. इंग्लंडांतील शेफील्ड येथील जोसेफ रॉजर्स यांच्या घराण्यास तारा व आठ टोंकांचा क्रूस ही खूण मिळाली, आणि त्या खुणेचे चाकू पुढें आपल्या देशांतही नांवाजले गेले. परंतु जो छाप नांवाजतो त्याची नक्कलही होतेच. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील झोलिंगेन गांवचे कारागीर स्वस्त मालावर शेफील्डचें नांव ठोकून विकूं लागले. त्याला आळा घालण्यासाठीं इंग्लंडनें १८८७ सालीं कायदा करून परदेशी मालावर तो कोठें तयार झाला तें लिहिणें भाग पाडलें. ‘जर्मनींत तयार झालेलें’ हे शब्द चाकूंवर आले ते कमीपणाची खूण म्हणून. पुढें झोलिंगेनच्या कारागिरांनीं माल इतका सुधारला कीं तेच शब्द गुणाची खूण ठरले, आणि १९३८ सालीं खुद्द झोलिंगेनच्या नांवाची नक्कल होऊं नये म्हणून जर्मनीला कायदा करावा लागला. पन्नास वर्षांत छापाचा अर्थ इतका उलटला! यास्तव छाप पाहावा, पण त्याच्या भरंवशावर डोळे मिटूं नयेत.

फ्रान्सच्या डोंगराळ सव्हॉय प्रांतांतील ओपिनेल हा चाकू शेतकऱ्याच्या कामासाठींच जन्मला. जोसेफ ओपिनेल हा कुऱ्हाडी, कोयते घडविणाऱ्या लोहारकामाच्या घरांतला मुलगा. त्यानें १८९० सालीं हा चाकू काढला आणि १८९७ सालीं त्याचीं एक ते बारा अशीं मापें ठरविलीं. त्यांपैकीं एक व अकरा हीं मापें पुढें बंद झालीं. आठ नंबरचें पातें साडेआठ सेंटिमीटर असतें. आपल्या कामाला तें पुरेसें आहे. गोल लांकडी मूठ, एक पातें, एक खीळ आणि एक कडें, एवढाच त्याचा संसार. हें कडें १९५५ सालीं आलें. तोंवर तोही नुसत्या खिळीचाच चाकू होता. त्याचें पातें दोन तऱ्हेचें मिळतें, एक साध्या कर्बयुक्त पोलादाचें व दुसरें न गंजणारें. पातें पातळ असल्यामुळें तो सरळ व स्वच्छ कापतो. बोंड चिरावयास, नळी कापावयास, कांद्याला याहून सोईचा चाकू मीं पाहिला नाहीं. त्याचे दोष दोन. तो एका हातानें उघडत नाहीं. आणि मृगाचा पाऊस लागला कीं लांकूड फुगून पातें मुठींत रुतून बसतें. सव्हॉयमधील लोक अशा वेळीं मुठीचें मागचें टोंक टेबलावर ठोकतात, म्हणजे पातें थोडें बाहेर डोकावतें. आपण त्याहून सोपा उपाय करावा. उन्हाळ्यांत मूठ चांगली वाळवून सांध्याच्या खांचेंत जवसाचें तेल दोन-तीन वेळां मुरवावें व तें वाळूं द्यावें. जवस आपल्या विदर्भांत पिकतो. त्याच्या तेलाचा हा उपयोग विसरला जात आहे.

स्वित्झर्लंडचा लाल मुठीचा चाकू सर्वांनीं पाहिला असेल. त्याची हकीकत मनोरंजक आहे. स्विस सैन्यानें १८९० सालीं शिपायांसाठीं चाकूचा नमुना ठरविला, तेव्हां तेवढे चाकू करण्याची शक्ति स्वदेशांत नसल्यामुळें पहिला माल झोलिंगेनहून आणावा लागला. श्विट्झ प्रांतांतील इबाख येथें १८८४ सालीं कारखाना काढलेल्या कार्ल एल्सेनर यानें स्वदेशीं कारागिरांस एकत्र केलें आणि १८९१ सालीं सैन्याला स्वदेशीं घडविलेले चाकू दिले. आईच्या व्हिक्टोरिया या नांवावरून १९०९ सालीं त्यानें छाप घेतला, आणि न गंजणारें पोलाद आल्यावर १९२१ सालीं व्हिक्टोरिनॉक्स हें जोडनांव झालें. या कंपनीचा ‘फार्मर’ नांवाचा ९३ मिलिमीटर लांबीचा नमुना आपल्या उपयोगाचा आहे. त्याची मूठ ॲल्युमिनियमची असल्यामुळें फुगत नाहीं, आणि पात्याबरोबर एक लहान करवत व एक टोंचणी असते. करवतीनें बोटाएवढी फांदी सफाईनें निघते. टोंचणीनें पट्ट्याला व पोत्याला भोंक पाडतां येतें. मात्र याचें पातें कमानीचें आहे, अडसराचें नाहीं. अडसराचे नमुने याच कंपनीच्या १११ मिलिमीटर मापांत मिळतात. याचें पोलाद मुद्दाम थोडें मऊ ठेवलेलें असतें. धार लवकर उतरते, परंतु लवकर लागतेही. ज्याला रोज दोन मिनिटें दगडावर चाकू फिरविण्याचा कंटाळा नाहीं त्याला हा दोष वाटणार नाहीं.

या चाकूच्या नकला आठवडी बाजारापर्यंत पोंचल्या आहेत. लाल मूठ व पांढरा क्रूस पाहून फसूं नये. मोठ्या पात्याच्या बुडाशीं कंपनीचें पूर्ण नांव कोरलेलें असतें; तेथें नुसतें ‘स्टेनलेस’ किंवा ‘चायना’ असेल, तर ती नक्कल होय. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांकडील अशा चाकूंत अकरा अवजारें होतीं. त्यांपैकीं काटा व चमचा तेवढे कामाला आले.

रामपुरी चाकूचें नांव आपल्याकडे कापण्यापेक्षां भिवविण्यासाठींच अधिक प्रसिद्ध, आणि त्याचें श्रेय बरेंचसें हिंदी चित्रपटांना आहे. उत्तर प्रदेशांतील रामपूर येथें नबाबी अमलांत ही कारागिरी वाढली. कळ दाबल्यावर उघडणारें लांब पातें ही त्याची ओळख. १९९० नंतरच्या दशकांत त्या राज्यानें साडेचार इंचांहून लांब पात्यांचे चाकू करण्यास मनाई केली, आणि हा धंदा खालावला. २०२३ सालीं तेथें चौकांत वीस फूट लांबीचा चाकू स्मारक म्हणून उभारला आहे. कारागिरीविषयीं आदर बाळगूनही असें म्हणतों कीं, शेतकऱ्याला याचा उपयोग नाहीं. पातें गरजेहून लांब, आणि खिशांत कळ दाबली गेल्यास मांडीला जखम. याउलट गुजरातेंतील कच्छ प्रांतांत अंजार येथें अडकित्ते व लहान चाकू घडविण्याचा जुना धंदा आहे. तेथील अडकित्ता आपल्याकडील पानाच्या चंचींत असतो. तसला चाकू मिळाला व सांधा घट्ट असला, तर तो जरूर घ्यावा.

चिनी कारखान्यांचे अंगठ्यानें उघडणारे, अडसराचे चाकू आतां सर्वत्र मिळतात. यांना सरसकट नांवें ठेवणें बरोबर नाहीं. ज्यावर कारखान्याचें नांव व पोलादाची जात स्पष्ट लिहिलेली असते त्यांपैकीं कांहीं खरोखर चांगले आहेत, आणि एका हातानें उघडण्याची सोय त्यांतच उत्तम असते. ज्यांच्याकडे गुरेंढोरें पुष्कळ आहेत त्यांनीं हा प्रकार अवश्य पाहावा. ज्यावर कांहींच लिहिलेलें नाहीं, किंवा जो बंदुकीच्या, कवटीच्या वा वाघाच्या आकाराचा आहे, तो पोरांचा खेळ होय. आणि खेळ म्हणूनही तो वाईटच.

विकत घेतांना खिशांत एक लहान लोहचुंबक ठेवावा. चुंबक चिकटतो तें पोलाद गंजतें व चिकटत नाहीं तें गंजत नाहीं, असा एक समज रूढ आहे. चाकूच्या बाबतींत तो दिशाभूल करणारा आहे. चाकूयोग्य न गंजणाऱ्या पोलादालाही चुंबक चिकटतो. ज्याला चिकटत नाहीं तें बहुधा चमचे-ताटल्यांच्या जातीचें असतें. त्याला पाणी देऊन कठीण करितां येत नाहीं, आणि त्याची धार एका पोत्याच्या शिवणींत संपते. म्हणून चुंबक न चिकटणारें पातें घेऊंच नये.

कर्बयुक्त साधें पोलाद घ्यावें कीं न गंजणारें, हा प्रश्न माणसाच्या स्वभावावर सोडावा. साधें पोलाद लवकर तीक्ष्ण होतें, पण कांदा, कैरी, लिंबू यांच्या रसानें काळें पडतें, आणि ओलें ठेवल्यास रात्रींत तांबेरतें. काळेपणा हा दोष नव्हे. तांबडा गंज हा दोष. ज्याला पातें धोतराच्या सोग्याला पुसून मग मिटण्याची संवय आहे, त्यानें साधें घ्यावें. खत भरतांना, फवारणींत, घामांत चाकू वापरणाऱ्यानें न गंजणारें घ्यावें. युरियाचे व मिठाचे कण सांध्यांत शिरले कीं साध्या पोलादाची खीळ आधीं खाल्ली जाते.

गांवच्या लोहाराला या यादींतून वगळणें अन्यायाचें होईल. जुन्या ट्रकच्या कमानीचें पोलाद विळ्या-कुऱ्हाडीला ठीक असतें. पातळ चाकूला झिजलेली मोठी कानस अधिक चांगली, कारण तींत कर्ब अधिक असतो. पोलाद लाल करून विझविल्यावर तें काचेसारखें ठिसूळ होतें. म्हणून घासून उजळ करून पुन्हां मंद तापवावें लागतें. त्या वेळीं पात्यावर रंग चढूं लागतात. वाळलेल्या गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग आला कीं तापविणें थांबवावें. निळा रंग आला तर पातें मऊ पडलें असें समजावें. जाणते लोहार हें करितातच. परंतु घाईच्या दिवसांत ही दुसरी आंच वगळली जाते, आणि पातें पहिल्याच आठवड्यांत तुटतें. म्हणून गिऱ्हाइकानें शेजारीं उभें राहून हें करवून घ्यावें. असा चाकू परदेशी छापाच्या मानानें फारच थोड्या पैशांत होतो, आणि खीळ ढिली झाली तर दोन हातोड्यांत नीट होते. ही सोय इबाखला माल पाठवून मिळणार नाहीं.

धार लावण्यास कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड घ्यावा. एक बाजू भरड व एक बारीक असते. आधीं तो पाण्यांत भिजवावा. पातें दगडावर ठेवून त्याची पाठ किती उचलावी, याचें माप सोपें आहे: पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश. पातें दीड सेंटिमीटर रुंद असेल, तर पाठ अर्धा सेंटिमीटर. एका बाजूनें घांसत राहिल्यावर दुसऱ्या बाजूला धातूचा बारीक पदर वळतो. तो अंगठ्याला आडवा लागला कीं बाजू बदलावी, आणि शेवटीं बारीक बाजूवर हलक्या हातानें उलटसुलट फिरवून पदर काढून टाकावा. वर्तमानपत्राचा कागद हवेंत धरून कापला म्हणजे झालें. सायकलच्या चाकावर दगड फिरवून धार लावणारे येतात त्यांच्याकडे चाकू द्यावयाचा असेल, तर पातें वारंवार पाण्यांत बुडवावयास सांगावें. ठिणग्यांचा फवारा पाहून मुलें खूष होतात. परंतु धारेवर निळी झांक आली तर तेवढ्या भागाचें पाणी उतरलें.

आतां ज्याकरितां मुख्यतः हा लेख लिहावासा वाटला तें सांगतों. २०१७ सालीं आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत पऱ्हाटीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यु पावले. त्या वेळीं अंगरखे, हातमोजे, मिश्रणें यांविषयीं पुष्कळ बोललें गेलें, व तें योग्यच होतें. परंतु ज्या चाकूनें कीटकनाशकाची पुडी फोडली जाते, तोच पाण्यांत एकदां बुचकळून दुपारीं कांद्यावर चालतो, हें मीं अनेक धुऱ्यांवर पाहिलें आहे. पात्यावरील विष धुतलें, तरी तें सांध्याच्या खांचेंत व मुठीच्या लांकडांत राहतें, तेथें बोट पोंचत नाहीं. मोनोक्रोटोफॉससारखीं औषधें कातडींतूनही शरीरांत शिरतात. मग पोटांत गेल्यावर काय होईल तें सांगावयास नको. यास्तव औषधाच्या पेटींत एक निराळी, स्वस्तांतली कात्री दोरीनें बांधून ठेवावी, आणि खिशांतला चाकू त्या पेटीजवळ नेऊंच नये. दोन पात्यांचा चाकू घेऊन एक पातें विषाला व एक भाकरीला राखण्याची युक्ति कांहीं जण सांगतात; दोन्ही पातीं एकाच मुठींत मिटतात, म्हणून ती युक्ति निरुपयोगी आहे.

दुसरी गोष्ट सर्पदंशाची. दंशाच्या जागीं चाकूनें चीर देऊन रक्त काढण्याची चाल अजून पुरती गेलेली नाहीं. चीर दिल्यानें विष निघत नाहीं. घोणस व फुरसें यांच्या विषानें रक्त गोठेनासें होतें, त्यांत ती चीर वाहतच राहते. आंवळून दोरी बांधणेंही हानिकारक आहे. रोग्यास हलूं न देतां, दंश झालेला हात किंवा पाय स्थिर ठेवून, सरळ दवाखान्यांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस तेथें देतात. तसेंच पोट फुगलेल्या बैलाच्या कुशींत चाकू खुपसण्याचें साहस करूं नये. त्या कामाचें नळीसहित हत्यार पशुवैद्याकडे असतें. चाकूनें पाडलेलें भोंक मिटतें आणि आंतील घाण पोटांत पसरते.

कलमाचा चाकू ही अगदींच निराळी वस्तु आहे. त्याचें पातें बहुधा एकाच बाजूनें उतरतें घासलेलें असतें, म्हणून काप सपाट येतो; आणि डोळा भरावयाच्या चाकूला साल उचलण्याची बोथट जीभ असते. जर्मनींतील टीना व लुधियानाचे फाल्कन हे छाप बागाइतदारांच्या परिचयाचे आहेत. या चाकूनें दोरी कापूं नये, तो कोणाला उसना देऊं नये. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचीं कलमें करणाऱ्यांनीं आणखी एक जपावें. एक्झोकॉर्टिस नांवाचा साल फुटण्याचा रोग चाकूच्या पात्यावरून एका झाडाहून दुसऱ्या झाडावर जातो, आणि रंगपूर लिंबाचा खुंट त्याला विशेष बळी पडतो. स्पिरिटानें पुसून किंवा ज्योतींत धरून तो नाहींसा होत नाहीं. सोडियम हायपोक्लोराइटच्या एक-दोन टक्के द्रवांत पातें बुडवावें लागतें. हा द्रव पोलाद खातो, म्हणून नंतर पाण्यानें धुऊन, पुसून तेलाचा हात द्यावा.

शेवटीं कायद्याविषयीं, कारण कारकुनाला तें सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचीं हत्यारें शस्त्रांच्या यादींत धरलीं आहेत. घरगुती व शेतकी कामासाठीं बनविलेलीं त्यांतून वगळलीं आहेत. साडेतीन इंची घडीचा चाकू या यादीच्या जवळपासही जात नाहीं. परंतु १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालीं जिल्हादंडाधिकारी ठराविक मुदतीसाठीं जो मनाईहुकूम काढतात, त्यांत काठीपासून सुऱ्यापर्यंत सर्व येतें. सण, मोर्चे व निवडणुका यांच्या सुमारास असे हुकूम कचेरींतून निघतांना मीं वर्षानुवर्षें पाहिले आहेत. तशा दिवसांत सभेला, मोर्चाला किंवा मतदानाला जातांना चाकू घरीं ठेवावा. दिल्लीस जाणाऱ्यांनीं तेथील १९८० ची अधिसूचना ध्यानांत घ्यावी: कळीचे, कमानीनें उडणारे व गरारीचे चाकू, ज्यांचें पातें ७.६२ सेंटिमीटर म्हणजे तीन इंच किंवा त्याहून लांब व १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद आहे, ते जवळ बाळगण्यास तेथें मनाई आहे. विमानांत हातच्या पिशवींत कोणताही चाकू चालत नाहीं. तपासणीच्या जागीं तो काढून घेतात व परत देत नाहींत. नागपुराहून विमानानें जाणाऱ्यानें तो आदल्या दिवशींच मोठ्या पेटींत, कपड्यांच्या आंत टाकून द्यावा.